देव आहे की नाही, याचा पुरावा कोणी द्यायचा?

प्रश्न: माझं वय २७, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. वडील माळकरी आहेत, २२ वर्षं त्यांची वारी चुकलेली नाही. मी म्हणतो, देव वगैरे काही नाही, असेल तर पुरावा दाखवा. ते म्हणतात, नाही याचा पुरावा तू दाखव. मग ते नवसाचे आणि अनुभवाचे दाखले देतात, मी विज्ञानाचे देतो, आणि आवाज चढतात. गेल्या आषाढीपासून आमचं बोलणं जेवणापुरतं उरलंय. नियमाने पुरावा द्यायची जबाबदारी कोणाची? आणि यंदा ते म्हणतायत, ‘एकदा माझ्याबरोबर चालून बघ.’ मानत नसताना जाणं हे ढोंग होईल का?

उत्तर:

मी ३१ वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं न्यायदर्शन, म्हणजे अनुमान आणि चर्चा कशी करावी याचं आपलं जुनं शास्त्र, आणि तर्कशास्त्र शिकवण्यात गेली. आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे शंका राहणार नाही. रोज संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावते, आणि ईश्वराचं अस्तित्व तर्काने सिद्ध होतं असं मला वाटत नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत असं मला पुष्कळांनी सांगितलंय, दोन्ही बाजूंच्या लोकांनी. त्या कशा नांदतात ते पुढे येईलच.

जबाबदारीचा नियम आधी पाहू. न्यायशास्त्रात ज्याला काही सिद्ध करायचंय तो प्रतिज्ञा करतो, म्हणजे आपलं म्हणणं मांडतो, आणि लगोलग तिचा हेतू, म्हणजे कारण, देतो. ‘डोंगरावर आग आहे’ ही प्रतिज्ञा, ‘कारण तिथे धूर आहे’ हा हेतू, ‘जिथे धूर तिथे आग, जसं चुलीपाशी’ हे उदाहरण. तेव्हा ‘देव आहे’ हे वडील तुम्हाला पटवू पाहत असतील तर हेतू त्यांनीच द्यायला हवा. ‘नाही हे तू दाखव’ हे त्याचं उत्तर होत नाही. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण तुम्ही एका दमात दोन वेगळी वाक्यं बोलताय. ‘मला पटलेलं नाही, पुरावा दाखवा’ हे एक, आणि ‘देव वगैरे काही नाही’ हे दुसरं. पहिल्या वाक्याला हेतू लागत नाही, कारण त्यात तुम्ही काही सिद्ध करायला निघालेला नाही. दुसरं वाक्य ही तुमची स्वतःची प्रतिज्ञा आहे, आणि तिचा हेतू वडिलांनी मागितला तर तो त्यांचा हक्क आहे. तुम्ही दुसरं वाक्य बोलता आणि अडचणीत आलात की पहिल्याच्या आडोशाला जाता, असं होत असेल तर वडिलांची चिडचिड मला समजते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. दोघांनी आपापला पक्ष मांडून, प्रमाणांच्या आधाराने, खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा हा वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा हा जल्प, त्यात शब्दच्छलही चालतो. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तेव्हा आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो, पण वितंडा अगदी हळू आवाजातही करता येते. वाद कोणाशी करावा तेही सूत्रात दिलंय: गुरू, शिष्य, बरोबर शिकणारे, परम कल्याणाची इच्छा धरणारे, ज्यांच्या मनात असूया नाही असे लोक. जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकाराने एक जागा ठेवली आहे. कोवळ्या अंकुराभोवती काट्यांच्या फांद्या रोवतात, तेवढ्यासाठी त्या. तुमच्या घरी सध्या कुंपणच शेत खातंय.

याहून मोठी अडचण मला दुसरीच दिसते. तुम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही आहात. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय की जिचा पत्ताच नाही अशा गोष्टीवर न्याय, म्हणजे अनुमानाची ही पद्धत, चालत नाही, जिचा निर्णय झालाय तिच्यावरही चालत नाही, तो चालतो संशय असलेल्या गोष्टीवर. मग आधी संशय नेमका कशाबद्दल ते ठरायला नको का? तुम्ही ‘देव’ म्हणता तेव्हा तुमच्या मनात विश्व निर्माण करणारी कुठली तरी शक्ती असते. वडील म्हणतात तेव्हा कमरेवर हात ठेवून विटेवर उभा असलेला विठोबा असतो. आणि नवसाचे दाखले देताना ते तिसऱ्याच कुणाबद्दल बोलतात, जो हाक मारल्यावर जगात काहीतरी घडवून आणतो. विश्वाचा कर्ता, नवसाला पावणारा, आणि ज्याच्यापुढे माणूस मोकळा होतो तो: या प्रत्येकासाठी लागणारा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. श्रद्धावंत म्हणेल की तिन्ही एकच आहेत. असतीलही. पण एकासाठी दिलेला पुरावा आपोआप दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही, ते एकच आहेत हेही वेगळं दाखवावं लागतं.

विश्वाच्या कर्त्यापासून सुरुवात करते, कारण या प्रश्नावर आपल्या देशात शेकडो वर्षं अत्यंत कसून भांडण झालेलं आहे. मिथिलेचा उदयनाचार्य हा दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित. त्याचा ‘न्यायकुसुमांजली’ सबंध या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्याने अनेक हेतू दिलेत, त्यातला पहिला असा: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टी कार्यं आहेत, म्हणजे कधीतरी निर्माण झालेल्या. जे जे कार्य असतं त्याला जाणता कर्ता असतो, जसा मडक्याला कुंभार. म्हणून यांनाही कर्ता आहे. मी हे फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग मान डोलवायचा. मग मी विचारायचे, आपल्या कॉलेजच्या मागच्या दगडी भिंतीत पिंपळ उगवलाय, तो कोणी लावला?

या वादाचा गाभा त्या पिंपळात आहे. प्रतिपक्षी म्हणतो, न लावता उगवलेलं रोप हे कार्य आहे आणि त्याला कर्ता दिसत नाही, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारं नातं, मोडली. नैयायिक म्हणतो, थांबा, ते रोप माझ्या पक्षातच, म्हणजे ज्यांच्याबद्दल मी सिद्ध करू पाहतोय त्या गोष्टींतच, मोडतं. त्याला कर्ता आहे की नाही हेच तर ठरवायचंय, मग ते माझ्याविरुद्ध कसं वापरता? नियमाप्रमाणे हे उत्तर बरोबर आहे. डोंगरावर आग आहे की नाही हे ठरण्याआधीच ‘या डोंगरावर धूर आहे पण आग नाही’ असं म्हणून कोणी व्याप्ती मोडू शकत नाही. पण याच उत्तरातून मला एक गोष्ट दिसायला लागली. ज्याचा कर्ता दिसतो ते सगळं उदाहरणांत घालायचं आणि ज्याचा दिसत नाही ते सगळं पक्षात घालायचं, असं केल्यावर व्याप्ती तपासायला जगात शिल्लक काय राहिलं? धुराच्या बाबतीत असं होत नाही, कारण डोंगर चढून जाता येतं आणि आग आहे की नाही ते बघता येतं. इथे चढून जायला डोंगर नाही. असा हेतू कोणाला मोडता येत नाही हे खरं, पण त्याने काही सिद्ध केलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने साधारण सातव्या शतकात, उदयनाच्या कितीतरी आधी, यावर बोट ठेवलं होतं. मडकं पाहून आपण कुंभाराचं अनुमान करतो ते ‘मातीला आकार आलाय’ एवढ्यावरून करत नाही. तशा घडणीच्या वस्तू माणूस करतो हे आपण पाहिलेलं असतं. नुसता मातीचा आकार पुरत असेल तर वारूळही मातीचंच आहे, तेही कुंभाराने केलं म्हणावं लागेल! वारुळाचा हा दाखला मला या विषयावरच्या सगळ्या दाखल्यांत नेमका वाटतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमचं नैसर्गिक धर्मावरचं संवादांचं पुस्तक १७७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालं. घरावरून गवंड्याचं अनुमान करता येतं तसं विश्वावरून करता येत नाही, कारण विश्वं बांधली जाताना आपण पाहिलेली नाहीत, हा त्यातला मुद्दा वारुळाच्याच जातीचा आहे.

हे अनुमान खोडणारे फक्त बौद्ध आणि चार्वाक असते तर मी तुम्हाला एवढं लांबण लावून सांगितलं नसतं. रामानुजाचार्यांनी तेच केलंय. ज्यांच्या संप्रदायात नारायणाची भक्ती हेच सर्वस्व, त्यांनी श्रीभाष्यात ‘शास्त्रयोनित्वात्’ या ब्रह्मसूत्रावर लिहिताना कर्त्याचं अनुमान सविस्तर उधळून लावलंय. डोंगर आणि समुद्र एकाच वेळी, एकाच कर्त्याने केले हे कशावरून? मोठा वाडा उभारायला पुष्कळ माणसं लागतात. मडकं करणाऱ्याला शरीर असतं, त्याच्या शक्तीला मर्यादा असते, मग त्याच्या उदाहरणावरून अशरीर, सर्वज्ञ, एकमेव कर्ता कसा काढता? त्यांचं म्हणणं, ईश्वर शास्त्रातून कळतो, अनुमानाने कळत नाही. कुमारिल भट्ट तर वेदांच्या प्रामाण्यासाठी लढलेला मीमांसक, त्याने सृष्टिकर्ता मानलाच नाही. काही प्रयोजन असल्याशिवाय मंदबुद्धीचा माणूसही हालचाल करत नाही, मग ईश्वराने दुःखाने भरलेलं जग कशासाठी केलं, असं तो विचारतो. शिवाय, कर्त्याने स्वतः ‘हे मी केलं’ असं सांगितलं तरी ते खरं कशावरून मानायचं, आपला मोठेपणा दाखवण्यासाठीही तो तसं म्हणत असेल, इथपर्यंत तो जातो. सांख्यसूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’ असं सरळ सूत्र आहे: ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून.

आणि मीमांसा, सांख्य ही आस्तिक दर्शनं मानली जातात, कारण शास्त्रात आस्तिक म्हणजे वेदांचं प्रामाण्य मानणारा. तुमच्या वडिलांना हे जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण ‘पुरावा अपुरा आहे’ म्हणणारा मुलगा घराण्याबाहेर गेलेला नाही. तुम्ही हे लक्षात ठेवा की रामानुजांनी तो पुरावा खोडला आणि श्रीरंगमच्या देवळाची पूजाव्यवस्था तितक्याच निष्ठेने सांभाळली.

आता वडिलांचा उलटा प्रश्न. ‘नसण्याचा पुरावा देताच येत नाही’ असं तुम्ही त्यांना म्हणत असाल तर ते चूक आहे. नसण्याचा पुरावा आपण रोज देतो. टेबलावर चष्मा नाही हे टेबलाकडे पाहूनच कळतं. याला अनुपलब्धी म्हणतात, पण तिला एक अट आहे. ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. तशी असेल तरच ती योग्यानुपलब्धी. पिशाच दिसत नाही एवढ्यावरून पिशाच नाही असं ठरत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही. हे उदाहरण बौद्ध तार्किकांचं आहे. उदयन नेमका हाच धागा पकडतो: जे दिसण्याजोगं नाही त्याच्या न दिसण्याने काय बिघडतं?

म्हणजे ‘कुठल्या दुर्बिणीत देव दिसला नाही’ या प्रकारचं तुमचं सगळं बोलणं गळून पडतं. पण त्याच मापाने वडिलांवरही ओझं येतं. देव आजार बरा करतो, पाऊस पाडतो, परीक्षेत पास करतो असं म्हटलं की तो परिणाम दिसण्याजोगा झाला. तो शोधूनही सापडला नाही तर ती योग्यानुपलब्धी आहे, आणि ती मोजावी लागेल. दर वेळी ‘त्याची इच्छा’ म्हणून सुटायचं असेल तर मग ज्या वेळी काम झालं ती वेळही पुराव्यात धरता येणार नाही.

नवसाबद्दल मी हे शास्त्रातून शिकले नाही, घरात शिकले. १९८९ साली माझ्या आईला कॅन्सर झाला. मावशी तुळजाभवानीला नवस बोलली. आई बरी झाली, पुढे १६ वर्षं जगली, आणि आम्ही सगळे ओटी भरायला तुळजापूरला गेलो. दर्शनाच्या रांगेत उभी असताना मला वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरची बाई आठवली. तिचे घरचेही नवस बोलले होते, जोतिबाला. ती त्या खाटेवरच गेली. तिच्या घरचं कोणी तो नवस फेडायला जोतिबाच्या डोंगरावर गेलं नसणार. नवस फेडायच्या रांगेत फक्त ज्यांचं काम झालं तेच उभे असतात, बाकीचे आपापल्या घरी असतात आणि ते कोणाला दिसत नाहीत. आम्ही अन्वय तेवढा मोजला होता, व्यतिरेक मोजलाच नव्हता. नवस बोलला आणि बरं वाटलं, हे धरलं. नवस बोलूनही बरं वाटलं नाही, नवस न बोलता बरं वाटलं, हे सगळं सोडून दिलं. त्या दिवशी मी ओटी भरली, मनापासून भरली. देवीला माझ्या आईबद्दल धन्यवाद दिले. पण ‘नवस फळला’ हे वाक्य पुरावा म्हणून मी त्यानंतर कुठे वापरलं नाही, आणि कुणी वापरलं की मला ती शेजारची खाट दिसते.

याच गोष्टीची नीट आखून केलेली तपासणीही झाली आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये छापून आला. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या एका गटासाठी ती केली, दुसऱ्यासाठी केली नाही. तिसऱ्या गटाला सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणारच, आणि ती केली. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटात ५२ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१ टक्के. ज्यांना आधीच सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्के. यावरून देव नाही असं निघत नाही. देव प्रयोगाला बांधलेला नाही, असं श्रद्धावंत म्हणेल आणि ते मला मान्य आहे. फक्त मग बऱ्या झालेल्या रुग्णाकडे बोट दाखवून ‘बघा’ म्हणायचं नाही. दोन्ही पारड्यांना काटा एकच हवा.

२१ सप्टेंबर १९९५ तुम्हाला आठवणार नाही, वडिलांना आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जात होतं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळत होतं. दुधात रंग घातल्यावर ते डोळ्यांनी दिसलंही. ‘मूर्ती दूध पिते’ हा दावा तिथे संपला. ‘ईश्वर आहे’ हा दावा त्या चमच्यात नव्हताच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हे भान कायम राखलं. १९८९ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध अशी नव्हती, त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला विरोध अशी होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात देव आहे की नाही याबद्दल अवाक्षर नाही, गुन्हा ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे. तुम्ही वडिलांशी बोलताना हा फरक हरवू देऊ नका, कारण तो राखण्यासाठी एका माणसाने फार मोठी किंमत दिली आहे.

विज्ञानाचे जे संदेश फोनवर फिरतात त्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. ‘गॉड पार्टिकल’ हे हिग्ज बोसॉन या मूलकणाला चिकटलेलं नाव आहे, त्याचा ईश्वराशी संबंध नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या आवारातली नटराजाची मूर्ती ही भारत सरकारने दिलेली भेट आहे, तो कसलाही निष्कर्ष नाही. मात्र जॉर्ज लमेत्र यांचं उदाहरण दोघांनी मिळून वाचण्यासारखं आहे. हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू, आणि विश्व एका आरंभबिंदूतून प्रसरण पावलं ही कल्पना मांडणारे शास्त्रज्ञही तेच. १९५१ साली पोप बाराव्या पायस यांनी या सिद्धांताला सृष्टीनिर्मितीचा आधार म्हणून पुढे केलं, तेव्हा ते लमेत्र यांना रुचलं नाही. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूनेही वापरू नये आणि धर्माच्या विरोधातही वापरू नये, असं त्यांचं मत होतं.

मग श्रद्धा म्हणजे काय? तुम्ही समजता, पुरावा कमी पडला की उरलेली जागा भरायला वापरतात ती वस्तू. भांडताना वडीलही तिचा तसाच वापर करतात. मला हे चुकीचं वाटतं. ‘उद्या पाऊस पडेल असा माझा विश्वास आहे’ आणि ‘माझा तुझ्यावर भरवसा आहे’ ही दोन वाक्यं वेगळ्या जातीची आहेत. पहिलं माहितीबद्दल आहे, दुसरं नात्याबद्दल. वडील ‘विठ्ठलावर श्रद्धा आहे’ म्हणतात ते दुसऱ्या जातीचं बोलणं आहे, आणि त्यावर ‘हेतू द्या’ म्हणणं हे आईवरच्या प्रेमाचा हेतू मागण्यासारखं आहे. पण एवढ्यावर श्रद्धावंतांनी निश्चिंत होऊ नये. भरवसा ठेवायलाही समोर कोणीतरी असावं लागतं. ‘आहे का?’ हा प्रश्न मागे सरकतो, मिटत नाही. मी दिवा लावते तेव्हा तो माझ्याही मागे उभा असतो, आणि मी त्याला घालवून देत नाही.

तुकोबांचा एक चरण आहे: ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा ॥’ याचे अर्थ निरनिराळे लावले जातात आणि वडिलांना माझ्याहून चांगला अर्थ ठाऊक असेल, त्यांना विचारा. मला एवढंच भिडतं की आपल्या इतक्या मोठ्या भक्ताने ‘आहे’ आणि ‘नाही’ शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांतल्या एकालाही हाकललं नाही.

पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं हा दोष आहे का, यावर १८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं झालंय हे त्याला कळत होतं, पण त्याने स्वतःच्या मनाची समजूत घातली आणि प्रवासी भरून ते पाठवलं. ते बुडालं. क्लिफर्डच्या मते जहाज सुखरूप पोचलं असतं तरी त्याचा अपराध तेवढाच राहिला असता. अपुऱ्या पुराव्यावर कोणीही, कुठेही विश्वास ठेवणं चूकच, असं तो म्हणतो. मला तो पूर्ण पटत नाही. पण त्याने जहाजाचंच उदाहरण घेतलं यात मोठा अर्थ आहे: चूक मालकाची होती आणि बुडाले प्रवासी. वडील वारीला चालतात तेव्हा पाय त्यांचेच दुखतात. उद्या घरातल्या तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी अंगारा लावून ठेवलं, तर मात्र क्लिफर्डचा शब्दन् शब्द लागू होतो आणि तिथे मी वडिलांच्या बाजूने एक अक्षर बोलणार नाही.

अनुभवाच्या दाखल्यांचं काय करायचं? न्यायात आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वडिलांना काय वाटलं याबाबत तुमच्यासाठी वडिलांइतका आप्त दुसरा नाही. वाखरीच्या रिंगणात त्यांचे डोळे भरून आले, कोणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं, असं ते म्हणत असतील तर ते खोडायला तुमच्याकडे काहीही नाही, आणि खोडू नका. त्या वाटण्याचं कारण कोण, हे मात्र अनुमान आहे. अजमेरच्या दर्ग्यात आणि वेलंकनीच्या चर्चमध्ये माणसांचे डोळे असेच भरून येतात आणि प्रत्येक जण त्या जवळ घेणाऱ्याला वेगळं नाव देतो. हे त्यांना विचारा, पण विचारताना आवाजात जिंकणं असू देऊ नका.

उदयनाबद्दल एक सांगायचं राहिलं. ग्रंथाच्या सुरुवातीला तो म्हणतो की ईश्वराबद्दलची ही तर्काची चर्चा म्हणजेच मनन आहे, आणि ते मनन हीच उपासना आहे. मग शेकडो युक्तिवाद, खंडनं, प्रतिखंडनं होतात, आणि शेवटी तो देवाशी बोलायला लागतो. त्याचा आशय असा: एवढं ऐकूनही ज्यांच्या हृदयात तुला जागा नाही ते दगडाच्या काळजाचे. पण विरोध करता करता का होईना, तेही किती तळमळीने तुझंच चिंतन करत असतात! म्हणून हे करुणामया, वेळ येईल तेव्हा तूच त्यांना सांभाळून घे. ज्याने आयुष्य नास्तिकांशी झुंजण्यात घालवलं त्याची ही शेवटची मागणी आहे. दुसऱ्या बाजूला आपले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने न्याय शिकले, तर्कतीर्थ झाले आणि पुढे जडवादाची, म्हणजे जड द्रव्यापलीकडे काही नाही या मताची, मांडणी करण्यापर्यंत पोचले. त्याच शास्त्राने दोघांना दोन टोकांना नेलं, आणि दोघांचंही मी वर्गात सारख्याच आदराने शिकवलं.

राहिला वारीचा प्रश्न. जा. मनात नसलेलं दाखवायला गेलात तर ते ढोंग होईल, नुसतं चालण्यात ढोंग नाही. निघण्यापूर्वी वडिलांना स्पष्ट सांगा: ‘बाबा, मी मानत नाही, ते बदललेलं नाही. तुमच्याबरोबर चालायचंय म्हणून येतोय.’ माळ घालू नका. कोणी बुक्का लावायला आलं तर काय करायचं ते तेव्हा तुमचं तुम्ही ठरवा, लावून घेतलात म्हणून तुम्ही काही कबूल केलंत असं होत नाही. सगळी वारी रजेत बसणार नाही. वडील माउलींच्या पालखीबरोबर जात असतील तर पुणे ते सासवड एवढा एकच टप्पा धरा, साधारण ३० किलोमीटर होतात. वाटेत वाद काढू नका, पुरावा हा शब्दही नको. एकच विचारा, ‘पहिल्या वर्षी तुम्ही कशासाठी निघाला होतात?’ माझा अंदाज आहे की २२ वर्षांत हे तुम्ही त्यांना विचारलेलं नाही. जे सांगतील त्यात तपासण्याजोगा दावा असेल तर तो आषाढी झाल्यावर घरी बसून, दोघांनी आपापला पक्ष मांडून तपासा. आणि विचारायचं ते दिवे घाट सुरू होण्याआधीच विचारा. चढणीला लागल्यावर त्यांना दम लागेल, बोलणं व्हायचं नाही.